डिकीतली रिकामी जागा कुणाची?

जुलै 2020मध्ये, देश करोनाच्या आकड्यांत अडकलेला असताना, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989मध्ये एक दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, चाकातल्या हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर दुरुस्तीचं किट दिलेलं असेल, तर कंपनीने स्टेपनी दिली नाही तरी चालेल. 1 ऑक्टोबर 2020पासून हे लागू झालं. कारण असं सांगण्यात आलं की गाडीत जागा मोकळी होईल, आणि इलेक्ट्रिक गाड्यांना मोठी बॅटरी बसवता येईल. तेव्हा हे खातं नितीन गडकरींकडे होतं. म्हणजे निर्णय घेणारा माणूस विदर्भातला होता, हे आम्हा दारव्हेकरांना जरा जास्त लागतं.

ही सवलत होती, सक्ती नव्हती, हे मान्य. पण सवलत कुणाला मिळाली ते बघा. कंपनीला मिळाली. एक चाक, एक टायर, एक रिम, प्रत्येक गाडीमागे वाचलं. ग्राहकाला त्या बदल्यात काय मिळालं? एक बाटली, एक छोटा कॉम्प्रेसर आणि डिकीत दोन बॅगांची जागा. गाडीच्या किमतीतून पाचव्या चाकाचे पैसे वजा झाल्याचं मला कुठल्याही दरपत्रकात दिसलेलं नाही. शोरूममध्ये सनरूफ तीनदा उघडून दाखवतात. डिकीतला गालिचा उचलून ‘साहेब, इथे काही नाही’ असं कुणी दाखवत नाही.

त्या बाटलीत काय असतं, तेही नीट समजून घ्यायला हवं. तिच्यात रबराचा चीक असतो. तो व्हॉल्वमधून टायरमध्ये सोडायचा, बारा व्होल्टच्या सॉकेटला कॉम्प्रेसर लावून हवा भरायची, मग गाडी थोडी चालवायची, म्हणजे चीक आत फिरून भोकात जाऊन बसतो. खिळा घुसला असेल, भोक चार-सहा मिलिमीटरचं असेल आणि ते टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल, तर काम होतं. पुढे ताशी 80 किलोमीटरच्या आत राहून पंक्चरचं दुकान गाठायचं. बाटली एकदाच वापरता येते, आणि तिच्यावर मुदतीची तारीख असते. औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचणारी माणसंसुद्धा ही तारीख वाचत नाहीत. आणि टायरची बाजू फाटली, रिम वाकली किंवा टायर फुटलाच, तर ती बाटली आणि देवघरातलं गंगाजल यांत उपयोगाच्या दृष्टीने काही फरक नाही.

आता दारव्ह्याच्या रस्त्यावर टायरला काय होतं ते सांगतो, कारण सगळा वाद इथेच आहे. शहरात टायरला खिळा लागतो. आमच्याकडे खिळ्याशिवायही बरंच काही लागतं. हा कापसाचा आणि तुरीचा तालुका. पऱ्हाटी कापली, तूर सोंगली की जमिनीत धसकटं उरतात. तिरपी कापलेली, उन्हात वाळलेली, भाल्यासारखी. शेतात गाडी वळवताना, धुऱ्यावरून नेताना, समोरून ट्रॅक्टर आला म्हणून पांदण रस्त्याच्या कडेला घेताना ती टायरच्या बाजूत घुसतात, जिथे चीक काही करत नाही. येड्या बाभळीचा काटा निराळा, तो हळूहळू हवा सोडतो. डांबराची तुटलेली कड निराळी. खड्ड्याची धार एकदा टायरच्या बाजूला बसली की तिथे फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर किती किलोमीटर चालेल हे टायरलाही माहीत नसतं. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली असतो, मग तर विचारूच नका. बोरी अरब असो, लाडखेड असो, मुख्य रस्ता सोडून आत वळलं की ही सगळी मंडळी भेटतात.

हवेचा दाब सांगणारी यंत्रणा चांगलीच आहे. मी तिच्या विरोधात नाही. पण ती सांगते, भरत नाही. रात्री दीड वाजता डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, तर संकट आलं एवढं कळेल. ते आल्याचं आपल्याला आधीच कळलेलं असतं. गाडी एका अंगाला ओढायला लागते.

रात्री दीड वाजताचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. दारव्ह्यात पेशंट जरा जास्त झाला की ‘यवतमाळला न्या’ असं सांगतात. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे, अंतर साधारण 40 किलोमीटर. ॲम्ब्युलन्स मोकळी असेल तर ठीक, नाही तर शेजाऱ्याची गाडी. रेल्वेचं म्हणाल तर मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेजवरची शकुंतला धावायची तेव्हाही कुणाला तातडीने कुठे पोहोचवण्याबद्दल प्रसिद्ध नव्हती, आणि आता तर दारव्हा मोतीबाग स्टेशनात गाडीच येत नाही. म्हणजे आहे ती शेजाऱ्याची गाडी. तिचा टायर वाटेत बाजूने फाटला आणि डिकीत स्टेपनी असेल तर वीस मिनिटं जातात. नसेल तर किती जातात, याचं उत्तर नियम करणाऱ्यांनी द्यावं.

त्यांचं उत्तर मला माहीत आहे. रोडसाइड असिस्टन्स. टोल-फ्री नंबर लावा, माणूस येईल. पुण्यात येतो. नागपुरातही येतो. इथे नंबर लावायला आधी मोबाइलला रेंज हवी. रेंज मिळाली तर पलीकडची मुलगी हिंदीत ‘जवळची खूण’ विचारते. तिला काय सांगणार, पिंपळाच्या झाडापासून पुढे, जिनिंगच्या अलीकडे? मग ती यवतमाळ किंवा अमरावतीहून क्रेन निघाल्याचा मेसेज पाठवते. स्टेपनी ही वस्तू आहे, असिस्टन्स ही सेवा आहे. वस्तू तुमच्या डिकीत असते. सेवा तिच्या सोयीने येते, आणि जिथे गिऱ्हाईक विरळ तिथे सेवाही विरळ. शहरातल्या सेवेच्या भरवशावर देशभरातली वस्तू काढून घेण्याला माझा आक्षेप आहे.

स्टेपनी हा शब्द कुठून आला ते बघितलं की गंमत वाटते. 1904च्या सुमारास वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. त्याआधी मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की बाही वर करून रस्त्यातच टायर काढायचा, ट्यूब जोडायची. रस्ते घोड्यांच्या नालांच्या खिळ्यांनी भरलेले. डेव्हिस बंधूंची ती हवा भरलेली रिम बसलेल्या चाकाच्या अंगाला अडकवायची आणि पुढे निघायचं. कंपनीचं नाव जगभर गेलं. ब्राझीलमध्ये आजही जादा चाकाला ‘एस्टेपे’ म्हणतात, आणि आमच्या बसस्टँडसमोरचा पंक्चरवाला ‘स्टेपनी दाखवा’ म्हणतो. (या शब्दाचा बाईमाणसाबद्दल होणारा वापर मात्र टाकून द्यायच्या लायकीचा.) सांगायचं हे की रस्त्यांवर विश्वास नव्हता म्हणून हे चाक जन्माला आलं. ते काढायचं तर आधी रस्ता विश्वासाचा व्हायला हवा होता. इथे उलटा क्रम लागला.

समृद्धी महामार्गाचा दाखला देणारे भेटतात. कारंज्याला जाऊन वर चढलं की खरोखर गुळगुळीत काँक्रीट लागतं. पण तिथे पोहोचेपर्यंतचा रस्ताही गाडीलाच तुडवायचा असतो. शिवाय भरधाव धावणाऱ्या गाड्यांशेजारी, मे महिन्याच्या दुपारी, सावलीचं झाड नसलेल्या ठिकाणी बाटली हलवत बसण्याची कल्पना ज्याला सुखाची वाटते त्याने ती जरूर बाळगावी.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा खरा आहे, आणि तो आपल्याच लोकांबद्दल आहे. स्टेपनी असते, पण तिच्यात हवा नसते. पाच वर्षांत एकदाही बाहेर न काढलेली स्टेपनी, गंजून बसलेला जॅक, पाना कुठे ठेवलाय हे माहीत नसलेला मालक, असे नमुने आमच्याकडे ढिगाने आहेत. चाक बदलणं हे ड्रायव्हरचं काम, आपलं नव्हे, असं मानणारे तर विचारायला नको. ‘कुणी वापरतच नाही’ असं म्हणायला कंपन्यांना यांनीच तोंड दिलं. पण अग्निशामक नळकांडं कुणी भरून ठेवत नाही म्हणून ते भिंतीवरून काढा, असं आपण म्हणत नाही. वजनाचा मुद्दा त्याहून हलका. साधारण 15 किलोचं चाक वाचवून पेट्रोल वाचतं म्हणे. लग्नाच्या मोसमात आमच्या गाड्यांत सात माणसं आणि आहेराची भांडी असतात.

सीएनजीच्या आणि इलेक्ट्रिक गाड्यांत जागेची अडचण खरी आहे, हे नाकारत नाही. पण काही कंपन्यांनी चाक गाडीच्या पोटाखाली टांगून दाखवलंय. काहींनी बारीक चाक दिलंय, त्यावर 80च्या पुढे जाऊ नका असं लिहिलेलं असतं. आमच्या रस्त्यावर 80ने जायला मिळालं तर आम्ही पेढे वाटू. ते बारीक चाकही चालेल. फाटलेल्या टायरच्या जागी गोल काहीतरी हवं, एवढीच मागणी आहे.

आणखी एक गोष्ट हिशेबात येत नाही. इथे स्टेपनी फक्त स्वतःसाठी नसते. रस्त्यात उभ्या गाडीजवळ दुसरी गाडी थांबते, नट मोजले जातात, चार की पाच, साइज बघितली जाते, आणि जुळली तर अनोळखी माणसाची स्टेपनी लावून गाडी गावापर्यंत जाते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती एसटी स्टँडजवळच्या दुकानात परत ठेवून जातो. चीक उधार देता येत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. गाडीच्या किमतीच्या कागदावर, टचस्क्रीनच्या इंचांइतक्याच ठळक अक्षरांत, ‘या गाडीत स्टेपनी नाही’ असं छापा. ज्याला हवी त्याला बुकिंगच्या वेळीच, जॅक आणि पान्यासकट, वाजवी किमतीत द्या, आणि ती ठेवायची जागा आधीच करून ठेवा. ज्याला नको त्याची किंमत कमी करा. तोवर, गाडी बघायला जाल तेव्हा सनरूफच्या आधी डिकीतला गालिचा उचला. विकणारा ‘सर, आता जमाना ट्यूबलेसचा आहे’ म्हणेल. त्याला विचारा, टायर बाजूने फाटला तर? तो मॅनेजरला बोलावेल.