न्यायासनाची वाट मतपेटीतून जात नाही

अमेरिकेतील अनेक राज्यांत स्थानिक न्यायाधीश मतदानाने निवडला जातो. आपल्या संविधानाने ही रीत पत्करली नाही, आणि ते योग्यच झाले. गावातील बहुसंख्यांच्या मतांवर ज्याची खुर्ची टिकावयाची, त्याने त्याच गावातील चार बौद्ध घरांच्या बाजूने निकाल देण्याचे धैर्य कोठून आणावे? म्हणूनच जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक कलम २३३ अन्वये राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात. खालच्या पायरीवरील दिवाणी न्यायाधीश कलम २३४ प्रमाणे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो.

वाचकहो, मतपेटी आणि न्यायासन या दोन्हींचा अनुभव घेतलेला एक पुरुष आपल्या चळवळीत होऊन गेला. रा. रा. भोळे १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पुणे जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत सोलापुरातून जिवाप्पा ऐदाळे विजयी झाले होते. पुढे भोळे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि १९८० साली मुंबईतून लोकसभेवर गेले. दोन्ही वेळा त्यांना विधिमंडळात व संसदेत मतदारांनी पाठविले. न्यायासनावर मात्र त्यांना मतदारांनी बसविले नव्हते. सोलापूरच्याच न्यायालयात शिपायाची नोकरी केलेले सुशीलकुमार शिंदे लोकांच्या मतांवर मुख्यमंत्री व देशाचे गृहमंत्री झाले. परंतु ज्या न्यायालयात त्यांनी नोकरी केली, तेथील न्यायाधीशाची खुर्ची लाखो मतांनीही मिळाली नसती.

निवडणुकीच्या दिवसांत आपली वस्ती रात्र रात्र जागते. कोणाला तिकीट मिळाले, कोणाचे कापले, हे मुलांनाही पाठ असते. परंतु आपल्या तालुक्यातून यंदा किती मुले न्यायाधीशपदाच्या परीक्षेस बसली, हे कोणी विचारीत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १४ वाचा. अत्याचाराचा खटला ज्या विशेष न्यायालयात चालतो, ते जिल्हा पातळीवरचेच न्यायालय असते. फिर्यादीची साक्ष कोणी कशी ऐकली, यावर पुढचे सारे अपील उभे राहते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. न्यायासनावर आपला माणूस हवा तो आपल्या बाजूने निकाल द्यावा म्हणून नव्हे. तसे मागणे हे धम्माला व संविधानाला सारखेच सोडून आहे. परंतु गावकुसाबाहेरचे जगणे ज्यास ठाऊक आहे, तो साक्षीदाराची भीती आणि साक्षीदाराचा खोटेपणा यांत गल्लत करणार नाही. निःपक्षपातासाठीही अनुभव लागतो.

ही वाट आपणांस फुकट मिळालेली नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या सवलतींवर गदा आली. महाराष्ट्राने १९६० साली नवबौद्धांस राज्यात सवलती दिल्या. केंद्राने त्यासाठी १९९० साल उजाडू दिले. आजही उच्च न्यायालयाच्या नेमणुकांत आरक्षण नाही, म्हणून खालची पायरीच अधिक मोलाची आहे. १४ मे २०२५ रोजी भूषण गवई हे देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले, याचा आनंद आपण केला. त्यांच्याच पीठाने २० मे २०२५ रोजी दिवाणी न्यायाधीशपदाच्या उमेदवारास तीन वर्षे वकिली आवश्यक ठरविली. अनुभवाचा हेतू चांगला आहे. परंतु ज्याच्या घरी पूर्वी कोणी वकील झाला नाही, त्याने ती तीन वर्षे कशावर काढावीत? नवख्या वकिलाच्या हाती दिवसाकाठी बसभाड्यापुरतेही पडत नाही.

याचे उत्तर समाजानेच दिले पाहिजे. सोलापुरातील प्रत्येक विहाराने एका तरुण वकिलाचा तीन वर्षांचा पुस्तकांचा व प्रवासाचा खर्च उचलावा. आपल्यातील जुन्या वकिलांनी अशा मुलास नुसती तारीख घेण्यास धाडू नये. उलटतपासणी करू द्यावी. जयंतीच्या वर्गणीतील एक वाटा यासाठी बाजूस काढला तर मिरवणूक थोडी आखूड होईल, एवढेच. शिका, हा बाबासाहेबांचा पहिला आदेश होता. त्याचा अर्थ न्यायासनापर्यंत शिका, असाही होतो.