मडकी फुटली, माणसाचे काय?

खानदेशातील दारूविरोधी लढ्याचा इतिहास अभिमान वाटावा असाच आहे. १९७२-७३ च्या सुमारास, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादे-तळोदे भागात श्रमिक संघटनेच्या नेतृत्वाखाली आदिवासी शेतमजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले. त्याच लढ्यातील स्त्रियांनी शिबिरांतून नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न मांडला, मारहाणीमागची दारू ओळखली आणि गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. हा भाग १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडतो, पण त्या स्त्रियांचे ऋण साऱ्या खानदेशावर आहे. मात्र मडके फुटल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचे हात थरथरतात त्या माणसाने कोठे जावे, या प्रश्नाचे उत्तर चळवळीने पुरेशा गांभीर्याने शोधले नाही.

दारूच्या धंद्याविषयीची समाजवादी मांडणी खरीच आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीच या राज्यात दारूविक्रीचे परवाने दिले जातात आणि त्यातून मिळणाऱ्या महसुलावर सरकारचा डोळा असतो. मजुराच्या खिशातला पैसा गुत्त्यात जातो आणि घरातली चूल थंड राहते. परंतु ज्याला व्यसन जडले आहे, तो केवळ शोषित नसतो, तो आजारीही असतो. गावातला गुत्ता बंद झाला तर तो शेजारच्या गावाला जातो. त्याला उपदेश पुष्कळ मिळालेले असतात, शपथाही त्याने अनेकदा घेतलेल्या असतात. त्याला हवी असते ती सोबत, आणि तीही त्याच वाटेने गेलेल्या माणसाची.

१९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात एक शेअर-दलाल आणि एक शल्यचिकित्सक या दोघा मद्यपींना हेच उमगले. एका मद्यपीने दुसऱ्याला आपली हकीकत प्रांजळपणे सांगितली, की दोघांनाही त्या दिवसापुरती दारू टाळता येते. यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली, आणि १९५७ च्या सुमारास ती भारतात आली. तिच्या सभेला वर्गणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट, आणि ऐकलेले बाहेर सांगायचे नाही हा दंडक. कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ची वेगळी बैठक असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. या सभांशी माणसाला पद्धतशीर जोडून देणारे उपचार, सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरले, असा तिचा निष्कर्ष आहे.

कार्यकर्त्यांच्या मनात येथे दोन शंका येतात. पहिली देवाविषयी. या सभांच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो ज्याला जसा समजला तसा घ्यावा, अशी मोकळीकही तेथेच दिली आहे. नास्तिक माणूस समोरच्या समुदायालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतो आणि त्याचे काही अडत नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो भिल्ल जमत आणि दारू सोडण्याचा निश्चय करीत. तेथेही आरतीइतकेच एकत्र जमण्याला महत्त्व होते. दुसरी शंका राजकारणाची. ही संघटना बाहेरच्या प्रश्नांवर मत देत नाही आणि बाहेरून पैसा घेत नाही. मग समाज बदलणार कसा, असे विचारले जाते. परंतु शुद्धीवर नसलेला मजूर मोर्चात येत नाही, आणि आला तरी टिकत नाही. समाज बदलण्याचे काम पक्षाचे आहे, ते या सभेवर टाकण्याचे कारण नाही.

पक्षाने करायचे ते काम साधे आहे, पण सोपे नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. म्हणून त्याला आधी धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. मग सभा कोठे भरते याचा शोध घ्यावा. अशा सभेची जाहिरात भिंतीवर नसते, आणि सभेच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरणारा माणूस तिसऱ्यांदा एकटा जातोच असे नाही. कोणीतरी त्याच्याबरोबर एस.टी.त बसावे, बाहेर थांबावे आणि शेवटच्या गाडीने त्याला घरी आणावे. अक्कलकुवा-धडगावच्या माणसाला धुळ्याची फेरी दर आठवड्याला परवडणार नाही. तेथे दारू सोडलेले दोघे-तिघे असतील तर त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेची वा संघटनेच्या कार्यालयाची खोली मिळवून द्यावी. त्या खोलीत झेंडा लावू नये, हजेरी घेऊ नये, आणि त्यांनी बोलावल्याशिवाय आत जाऊ नये. व्यसनी स्त्रीला तर हे दार दुप्पट जड असते, याचेही भान ठेवावे.

या कामाचा आरंभ घरापासून व्हावा. बैठकीनंतर पिणारा, मग बैठकीलाच न येणारा कार्यकर्ता प्रत्येक तालुक्याच्या परिचयाचा आहे. त्याचे नाव यादीतून कोणताही ठराव न करता गळते, आणि त्याच्या बायकोला कोणी भेटायला जात नाही. शहाद्याच्या स्त्रियांनी मडकी फोडली ती आपली माणसे परत मिळावीत म्हणून. त्या माणसांना परत आणण्याचे राहिलेले काम आता कार्यकर्त्यांनी हाती घेतले पाहिजे.