काटकसर चुलीपासून कशाला?



गव्हाणीत मोळी पडली की पारावर आणि घराघरांत एकच विषय निघतो, यंदा पहिली उचल किती? उचलीचा आकडा मनासारखा नसला की दुसऱ्या दिवसापासून घरात काटकसर सुरू होते. ती कुठून सुरू होते, हे ज्याने त्याने आपल्या घरात डोळे उघडे ठेवून पाहावे. गोडेतेलाचा डबा पाच लिटरचा यायचा तो दोनचा येतो. पोरांच्या वाट्याचे दूध डेअरीच्या कॅनमध्ये जाते. सूनबाईची रक्ताची तपासणी 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून लांबते. थोरल्या मुलीला 'बारावी झाली, तेवढं बास' असे सांगितले जाते. दारातली बुलेट आणि वैशाखातला मांडव यांना मात्र कुणी हात लावत नाही. आम्हांस ही काटकसर मान्य नाही.

दिवस बेभरवशाचे आहेत हे खरे, ते नाकारण्यात अर्थ नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरली. ऐकायला बरी वाटते, पण तीतून तोडणी-वाहतूक वजा होते. साखरेचा किमान विक्रीदर २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे कित्येक वर्षे तो तिथेच ठेवला गेला, एफआरपी मात्र वाढत गेली. मधली ओढाताण कारखान्याने कर्ज काढून भागवायची. कायदा सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर १५ टक्के व्याज द्यावे. २०२२ साली शासनाने दोन हप्त्यांची मुभा दिली, ती मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. आणि पाऊस? २०१८ साली बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके दुष्काळी जाहीर झाले. पाचच वर्षांनी, २०२३ साली, पुन्हा झाले. कालव्याखालच्या बागायतदारालाही आवर्तन लांबले की घाम फुटतो. सुपे-मोरगावकडच्या जिरायत पट्ट्यातल्या माणसाने काय करावे ते तोच जाणे.

सुप्याचे नाव निघालेच आहे म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. आज बारामती तालुक्यात असलेले सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस येईना म्हणून इकडचे भाव चढले. मुलखात पैसा खेळू लागला आणि सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपले तसे भाव कोसळले. इंदापूर तालुक्यात तर १८३६ साली इंग्रजांनी पहिली जमीन पाहणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरविला होता. ती मुदत नेमकी ह्याच सुमारास संपली आणि नव्या पाहणीत सारा चांगलाच वाढला. उत्पन्न उतरले, देणे चढले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. त्यांचा रोख मुख्यतः कर्जाच्या खतांवर होता. खते हाती लागली की जाळायची. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. साहेब लोकांचे आणि शहाण्यासुरत्या माणसांचे तेव्हाचे मत ठरलेले होते : कुणबी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो. आयोगाने मात्र हिशोब पाहून सांगितले की लग्नाच्या खर्चाला उगाच जास्त महत्त्व दिले गेले आहे. लग्न ऐपतीबाहेरचे होत असेल, पण ते कधीतरी होते. कर्ज फुगते ते वरचेवर उधारीवर घ्याव्या लागणाऱ्या धान्याने, बियाण्याने, बैलांनी आणि साऱ्याच्या भरण्याने.

ह्याचा अर्थ लग्नात उधळा असा कुणी काढू नये. त्या काळचे लग्न आणि आजचे लग्न ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. २०२५ साली पुणे आणि अहिल्यानगर भागात मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता ठरली : मोजक्या माणसांत लग्न, डीजे नको, प्री-वेडिंगचे चित्रीकरण नको. चांगलेच झाले. पाळतील तेव्हा खरे. पण सुप्याच्या दंग्यातून आम्ही घेतो ती गोष्ट निराळी. संसार खर्चापेक्षा उधारीने जास्त पोखरतो, आणि उधारी हिशोबाशिवाय दिसत नाही.

आता हिशोबच करू. आडसाली ऊस, एकरी ५० टन, टनाला हातात ३,००० रुपये धरा. झाले दीड लाख. गठ्ठा हातात आला की माणूस राजा होतो. पण हा पैसा अठरा महिन्यांचा आहे. अठराने भागा, महिना ८,३३३ रुपये पडतात, आणि त्यातूनच लागण, खत, पाणीपट्टी, मोटारीचे बिल आणि खुरपणीची मजुरी गेलेली असते. दोन एकरवाल्याचा पगार किती, हे ज्याचे त्याने काढावे. नोकरदार शेजाऱ्याला आपण उगाच हिणवत असतो, त्याचा पैसा निदान महिन्याच्या महिन्याला येतो. आपला येतो पहिल्या उचलीला, कांडे पेमेंटला आणि दिवाळीच्या बिलाला. मधले महिने कशावर निघतात? दुकानाच्या वहीवर, खतवाल्याच्या उधारीवर, आणि अगदीच अडले तर शेकडा दोनने.

हे शेकडा दोन लई गोड वाटते. लाख रुपये वर्षभर शेकडा दोनने ठेवले तर व्याज होते २४,००० रुपये. आणि पोरांच्या वाट्याचे लिटरभर दूध रोज डेअरीला घातले, लिटरला ३० रुपये धरले, तर वर्षाला मिळतात १०,९५०. म्हणजे दोन वर्षे लेकराच्या तोंडचे दूध काढले तरी त्या एका लाखाचे एका वर्षाचे व्याज फिटत नाही! मग काटकसर कुठे करायची, दुधात की व्याजात?

२०२१-२२ पासून राज्य शासनाने ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्के व्याजाची सवलत दिली. मुदत एक दिवस चुकली तरी ती सवलत हातची जाते. किती घरांत सोसायटीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे? बैलपोळा आणि संकष्टी आपल्याला तोंडपाठ असतात, ही तारीख मात्र सचिव घरी आला की कळते. खतवाल्याकडेही एकदा विचारून पाहावे, हीच गोणी रोखीने केवढ्याला आणि उधारीने केवढ्याला.

बिल जमा झाले की पुढच्या बिलापर्यंत महिने किती ते मोजावे, घरखर्चाचे तेवढे भाग करावेत आणि एकेक भागच काढावा. दवाखाना, फी आणि किराणा आधी बाजूला ठेवावा. उरले तर बुलेटचा विचार. घरच्या माऊलीला विचारा, ती महिना कितीत भागवते हे पैशापैशाने सांगेल. तिला कुणी विचारीत नाही हीच अडचण आहे. उसाची नोंद पुरुषाच्या नावावर, बिल पुरुषाच्या खात्यावर आणि काटकसर तेवढी बाईच्या नावावर!

तिची काटकसर कुठे होते हे सांगायला नको. सगळ्यांचे झाल्यावर ती जेवते, आणि आधी स्वतःच्या ताटातले कमी करते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. त्याच्या आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. साखरपट्ट्यातल्या घरांना हा आकडा लागू नाही असे कुणास वाटत असेल, तर त्याने आपल्याच घरातल्या बायांची तपासणी करून पाहावी.

म्हणून आमची एक सूचना आहे, ती संचालक मंडळाने आणि सभासदांनी मनावर घ्यावी. शासनाने १९९२ साली लक्ष्मी मुक्ती योजना आणली, नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचेही नाव लागावे म्हणून. सातबाऱ्याचे ज्याचे त्याने ठरवावे. पण ज्या सभासदाची राजीखुशी असेल त्याच्या बिलातून टनामागे शंभर रुपये परस्पर त्याच्या घरधनिणीच्या बँक खात्यावर जमा व्हावेत. ५० टनांना ५,००० रुपये होतात. दिवाळीला सवलतीची साखर नेताना जशी आपण सही करतो, तशीच एक संमतीची सही गट ऑफिसात करायची. सोसायटीच्या वसुलीला ह्याने धक्का लागत नाही, कारण वसुली आधी वजा होऊन उरलेल्या रकमेतूनच हे पैसे जायचे आहेत. घरातल्या पुरुषांची कुरकूर होईल ते आम्ही जाणून आहोत. ऊसनोंदीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवावा लागेल, छपाईचा काय तो खर्च.