चमकणाऱ्या कार्डाचा भाव

आमच्या शाळेत मुलांच्या दप्तरांतून पोकेमॉनची कार्डे पुन्हा निघू लागली आहेत. मागोमाग पालकांचा प्रश्न येतो, "सर, हे खरंच लाखांत विकलं जातं का?" काही विकली जातात. पण कोणती, हे कळल्याशिवाय घरखर्चातला एक रुपयाही त्यात घालू नये.

ही कार्डे जपानमध्ये १९९६ साली निघाली. इंग्रजीत ती जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने आणली. पहिला संच १०२ कार्डांचा, त्यात चमकत्या चित्रांची १६. त्यांपैकी क्रमांक ४ म्हणजे चॅरिझार्ड, आग ओकणारा पंखवाला प्राणी. चित्रकार मित्सुहिरो आरिता. सगळी धावपळ याच्याचसाठी.

गंमत अशी की हेच चित्र तीन तऱ्हांनी छापले गेले. पहिल्या आवृत्तीवर चित्राच्या खाली डावीकडे एकचा आकडा असलेला छोटा काळा शिक्का असतो. त्यानंतरच्या छपाईत शिक्का नाही, आणि चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावलीही नाही. तिसरी, सावलीवाली, भरपूर छापली गेली आणि बहुतेकांकडे तीच सापडते. मार्च २०२२ मध्ये शिक्क्याचे एक कार्ड लिलावात ४,२०,००० डॉलरला गेले, पण त्याला दहापैकी दहा गुण होते. हे गुण पीएसएसारख्या संस्था देतात. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मध्यभागी आहे की सरकलेली, हे पाहून कार्ड पारदर्शक डबीत कायमचे बंद करतात. कोपरे झिजलेले सावलीवाले कार्ड या रकमेच्या अगदी किरकोळ हिश्शात मिळते.

घरी तपासायचे असेल तर कार्ड खिडकीपाशी तिरपे धरा. जुन्या अस्सल चॅरिझार्डमध्ये चमक फक्त चित्राच्या चौकटीत असते. कार्डभर चकाकी असेल तर संशय घ्या. कडेकडून निरखून पाहिल्यास कागदाच्या दोन थरांमध्ये काळसर रेघ दिसते. मागच्या निळ्या कडेवर पांढरे ठिपके उमटले असतील तर गुण घसरले समजा. आपल्या बाजारात मिळणारी सोनेरी फॉइलची पाकिटे बहुतेक नकलीच असतात. मुलांनी खेळावे, पण ठेव म्हणून जपू नयेत.

भाव पाहताना विकणाऱ्याने मागितलेली किंमत धरू नका. त्याच तऱ्हेचे, त्याच गुणांचे कार्ड प्रत्यक्षात कितीला गेले ते पाहा. मागायला कोणी काहीही मागतो!

मला खरी काळजी वेगळीच वाटते. सातवीतला मुलगा तिसरीतल्याकडून बारा रंगीत कार्डांच्या बदल्यात एक जुने कार्ड घेतो. लहानग्याला वाटते आपणच जिंकलो. मोठ्याला किंमत ठाऊक असते, तो गप्प राहतो. दुकानदाराने मालातला ऐब लपवला तर आपण त्याला बोल लावतो, मग इथे "मुलांचा खेळ" म्हणून का सोडायचे? असा सौदा कानावर आला तर दोन्ही घरच्या अम्मी-अब्बूंनी बसून तो उलटवावा. मी वर्गात तेच करतो. रुसवे दोन दिवस टिकतात.

आणि आखातातून मामूंनी कधीकाळी पाठवलेल्या डब्यात खरोखर जुने कार्ड निघालेच, तर कृपा करून ते लॅमिनेट करू नका. रबरबँडही नको. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून वहीच्या पानांत सपाट ठेवा, पावसाळ्यात ओलीपासून दूर.