विमान उडतं, पण ऐकतं का?

घरच्या शेडमध्ये विमान बनवणाऱ्या पोरांचे व्हिडीओ आपण सगळेच पाहतो. बाइकचं इंजिन, ॲल्युमिनियमचे पाइप, वर ताणून बसवलेलं कापड. चाकं जमिनीपासून दोन फूट उचलली की कमेंट्सचा पाऊस : भावा, जिंकलंस!

कौतुक व्हायलाच हवं. पण खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. उडालं, ठीक, ते ऐकतं का?

हा प्रश्न न विचारण्याची किंमत युरोपने मोजली आहे. आँरी मिन्ये या फ्रेंच माणसाने १९३३ साली एक चिमुकलं विमान बनवलं. नाव ठेवलं 'आभाळातली ऊ'. घरी कसं बनवायचं, त्याचं पुस्तकही लिहिलं. एकामागे एक दोन पंख, पायाची पेडल्स नाहीत, सगळा कारभार एका दांडीवर. लोक वेडे झाले, घरोघरी ठोकाठोक सुरू झाली. आणि मग माणसं मरू लागली. विमान एका मर्यादेपलीकडे नाक खाली करून निघालं, की दांडी कितीही ओढा, वर येईचना. १९३६मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समध्ये ते हवेच्या बोगद्यात तपासलं, तेव्हा कारण सापडलं. दांडी ओढली की पुढचा पंख मागच्या पंखावरची हवा अशी वळवायचा, की मागची बाजूच उचलली जायची आणि नाक खालीच राहायचं. बनवणाऱ्यांच्या हातात कसब होतं, खोट आराखड्यात होती. पुढे पंखांची रचना सुधारली आणि त्या घराण्यातली विमानं आजही उडतात.

हलक्या विमानाचा स्वभावच नाजूक. इंजिन बंद पडलं की वेग झपकन उतरतो. घाबरून हात दांडी मागे ओढतो, नाक वर जातं, पंखावरची हवा सुटते आणि विमान धपकन खाली बसतं. याला म्हणतात 'स्टॉल'. उपाय मनाला न पटणारा : नाक खाली घाला, वेग घ्या. तोलाचंही तेच. इंजिन बदललं, बॅटरी मागे सरकवली, की शेपूट जड होतं. असं विमान जरा हात लागला तरी उसळतं आणि स्टॉलमधून सावरणं कधी कधी अशक्य होतं.

हे व्हिडीओत दिसत नाही, चाचणीतच कळतं. म्हणून अमेरिकेत घरी बनवलेल्या विमानाला आधी साधारण २५ ते ४० तास चाचणी उड्डाणं करावी लागतात, प्रवासी न घेता, ठरवून दिलेल्या हद्दीत. आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे अमोल यादव स्वत: वैमानिक. २०१६ला बीकेसीत लोकांनी ते विमान डोळे भरून पाहिलं, नोंदणी मात्र २०१७मध्ये झाली. परवानगीची वाट लांबलचक आहे, हे खरंच. ती सोपी करा, चाचणीला धावपट्टी आणि जाणकार माणूस द्या, ही मागणी आपण सरकारकडे जरूर करू. नाहीतर पोरं शेतातच प्रयोग करत राहणार.

पण दोस्तहो, तोवर एक करा. पुढचा व्हिडीओ आला की 'कधी उडवतोस?' विचारू नका. 'तोल मोजलास का? आधी कुणा वैमानिकाला दाखवलंस का?' असं विचारा. लाइक कमी मिळतील, पण पोरगा घरी परत येईल.