पार्ट बदलण्याचे नव्हे, दोष शोधण्याचे पैसे द्या

आमच्या बेळगाव-खानापूर भागात पावसाळा सरत आला की गॅरेजला दोन तऱ्हेच्या गाड्या लागतात. एक, जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांतून ओढा-चिखल तुडवत रोज ये-जा करणाऱ्या जुन्या जीपा आणि पिकअप. दुसऱ्या, पोरांनी रविवारी हौसेनं रानवाटेला घातलेल्या नव्या फोर-बाय-फोर. तक्रारी दोघांच्या त्याच. सेल्फ नुसता टकटक करतो, हेडलाइट मंद, इंडिकेटर लावला की शेजारचा लाल दिवाही लुकलुकतो, मीटरवर एबीएसचा दिवा पेटलेला. आणि उत्तरही बहुतेक ठिकाणी ठरलेलं: बॅटरी गेली, अल्टरनेटर गेला, सेन्सर बदला.

माझं मत स्पष्ट आहे. चिखलपाण्यातून आलेल्या गाडीत आधी पार्टवर संशय घ्यायचा नाही, जोडणीवर घ्यायचा. त्यातही पहिला संशय अर्थवर.

अर्थ म्हणजे काय, तर करंटची परतीची वाट. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट दिव्यातून किंवा सेल्फमधून जातो आणि इंजिन, बॉडी, चेसीस यांच्यामार्गे मायनसला परत येतो. ही वाट दोन-चार बोल्टांवर अवलंबून असते. खड्ड्यांत आदळून ते सैल होतात, आपली तांबडी माती पाण्याबरोबर आत शिरते, मग गंज चढतो. प्लसची बाजू शाबूत, बॅटरी नवी, तरी सेल्फ फिरत नाही. इंडिकेटरच्या करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. म्हणून भलताच दिवा लुकलुकतो. त्यात भूतबाधा काही नाही.

जुने इलेक्ट्रिशियन हे जाणून होते. आमच्या आजोबांच्या जीपची कामं एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हायची. तिथल्या मेस्त्रींचं मुख्य हत्यार म्हणजे एक बल्ब, दोन वायरी आणि एक चिमटा. टेस्ट लॅम्प. सेल्फ घेत नाही म्हटलं की ते बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनला एक जाड केबल लावायचे आणि सांगायचे, "आता मारा सेल्फ." सेल्फ फिरला की दोष अर्थमध्ये. मग पट्टी सोडायची, बोल्टाखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, घट्ट आवळायचं, वरून ग्रीस. त्यांचा क्रम कधी चुकत नसे: आधी बॅटरीची टर्मिनलं, मग अर्थ, मग फ्यूज, मग कनेक्टर, आणि शेवटी पार्ट.

आज हा क्रम उलटा झालाय. आमच्या एका नातलगाच्या गाडीला एका गॅरेजनं बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर बदलला. हजारो रुपये गेले आणि शेवटी सापडली ती इंजिन आणि चेसीसमधली गंजलेली अर्थची पट्टी.

पण दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही, हेही बोललं पाहिजे. नव्या बॅटरीचे पैसे आपण मुकाट्यानं देतो, कारण हातात वस्तू मिळते. तोच इलेक्ट्रिशियन दोन तास गाडीखाली पडून एक बोल्ट घासून देतो, तेव्हा आपण म्हणतो, "एवढ्याचे पाचशे?" शोधण्याला मोल नाही म्हटल्यावर शोधणार कोण? टेस्ट लॅम्प धरणाऱ्याचा मुलगा मग पार्ट विकण्याच्या दुकानात बसतो. आपण घासाघीस करून घालवली ती एक विद्या आहे.

कुणी म्हणेल, नव्या गाडीला आता स्कॅनर लागतो, टेस्ट लॅम्पचा काळ गेला. स्कॅनर जरूर लावा. पण तो सांगतो कुठल्या सर्किटमधून सिग्नल नीट येत नाही. सेन्सर मेला, वायर तुटली की प्लगमध्ये चिखल गेला, हे बहुधा माणसालाच बघावं लागतं. चाकाजवळचा एबीएसचा सेन्सर नुसता चिखलानं माखला तरी दिवा पेटू शकतो. तो बदलण्याआधी धुऊन, कनेक्टर उघडून, सुकवून बघायला काय हरकत आहे?

पार्ट खराब होतच नाही असं नाही. गाळ अल्टरनेटरमध्ये शिरला तर ब्रश आणि बेअरिंग खरंच झिजतात. पण ते मोजून ठरवा. साधा मल्टीमीटर घरात ठेवा. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ च्या आसपास हवं. सेल्फ मारताना एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ बघा, बॅटरीच्या दुकानात जाऊ नका. जोडण्या सोडताना मात्र मायनस आधी काढायचा आणि लावताना शेवटी. चिखल धुताना प्रेशरचा फवारा फ्यूज बॉक्सवर आणि कनेक्टरवर मारू नका, नाहीतर ओढ्यानं घातलं नाही तेवढं पाणी आपणच आत घालू.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणं किंवा तार गुंडाळणं. फ्यूज उडतो म्हणजे बहुधा पुढे कुठेतरी वायर सोलवटून चेसीसला टेकतेय. फ्यूज जळला नाही तर ती वायर जळेल, आणि मग गाडी.

हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. चोर्ला घाटात पावसातल्या रात्री धुकं उतरलेलं असताना वळणावर हेडलाइट गेले, तर बॅटरीचं बिल काय कामाचं? त्या गाडीत आपलीच माणसं असतात, गोव्याला लग्नाला किंवा दवाखान्याला निघालेली.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गेल्यावर "काय बदलायचं?" असं विचारू नका. "दोष कुठं सापडला, दाखवा," म्हणा. आणि त्यानं दाखवला, तर एका बोल्टाचे असले तरी त्याचे पैसे हसतमुखानं द्या.