नळीची भीती आणि एक फुंकर

चतुर्थी झाली, एकादशी आली, मग नवरात्र. उपासाला साबुदाणा, शेंगदाणे आणि दिवसभर चहा. मग छातीत जळजळ होणारच, असं आपण बायकांनी ठरवूनच टाकलंय. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी, ती संपली की दुसरी. बचत गटाच्या बैठकीतही हाच सूर, ‘काही नाही हो ताई, ॲसिडिटी आहे.’ वर्षानुवर्षं! डॉक्टरांकडे का जात नाही विचारलं, की उत्तर ठरलेलं, ‘ते नळी घालतात ना पोटात!’

प्रत्येकीला नळी लागतेच असं नाही, हे किती जणींना माहीत आहे? हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू जठरात ठाण मांडून बसला, की सूज येते, पुढे अल्सरही होऊ शकतो. पूर्वी अल्सर म्हणजे तिखट खाण्याचा आणि काळजी करण्याचा रोग मानत. (आपल्याकडे अजूनही दोष बाईच्या काळजी करण्यालाच!) ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जंतू दाखवला, तर कुणाला पटेना. मार्शलनी १९८४ मध्ये चक्क ते जंतू स्वतः पिऊन दाखवले. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

हा जंतू युरिया फोडतो. म्हणून तपासणीत खुणेचा कार्बन असलेला युरिया पोटात घ्यायचा आणि थोड्या वेळाने पिशवीत फुंकर मारायची. जंतू असेल तर तोच कार्बन वायू होऊन श्वासात उतरतो. कार्बन-१४ च्या तपासणीत अगदी थोडा किरणोत्सर्ग असतो, त्यामुळे गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी कार्बन-१३ ची विचारावी.

पण खरी मेख पुढे आहे. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे आधी बंद हवीत, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट चांगला येतो. रोज गोळी घेणाऱ्या बाईची फसगत होते ती इथेच. काय घेता ते डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

एका फुंकरीत कॅन्सर कळणार, अशा बातम्या येतात. ते काम अजून बरंचसं संशोधनातच आहे. आणि काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर फुंकरीवर भागवू नका, तिथे नळीच हवी.